हृदयाचा सी.टी. आणि रुग्णाची नाडी

उरःशूलाची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णास कोरोनरी सी.टी. अँजिओग्राफी करून घेण्याचा सल्ला आज आपणांपैकी अनेक जण देतात. नाशकातच ही सोय असल्याने त्यासाठी मुंबई-पुणे गाठावे लागत नाही. परंतु कधी कधी अहवालात ‘चित्र पुसट, मत देता येत नाही’ असा शेरा येतो आणि रुग्ण यंत्रास दोष देतो. दोष पुष्कळदा नाडीच्या वेगाचा असतो.

क्ष-किरण नळी रुग्णाभोवती साधारण अर्धा फेरा घेते तेवढ्या काळात एक चित्र तयार होते. सन २००४ च्या सुमारास आलेल्या ६४ स्लाइसच्या यंत्रांत हा काळ सुमारे १६५ मिलिसेकंदांचा होता. नाडी मिनिटास ६० असता एका ठोक्यास १००० मिलिसेकंद मिळतात. त्यांत हृदय विस्फारल्यानंतर रोहिण्या क्षणभर जवळजवळ निश्चल असतात आणि ई.सी.जी.च्या आधारे यंत्र तोच क्षण टिपते. नाडी ९० झाली की ठोका ६६७ मिलिसेकंदांवर येतो, आणि ही काटछाट मुख्यतः त्या विश्रांतीतच होते. उजवी कोरोनरी रोहिणी सर्वांत चंचल, म्हणून बहुधा तीच प्रथम पुसट होते. असा पुसटपणा अवरोधासारखा भासला तर नसलेल्या रोगासाठी रुग्ण कॅथ-लॅबपर्यंत पोहोचतो.

सन २००५ मध्ये दोन नळ्यांचे यंत्र आले. पाव फेऱ्यात, म्हणजे ८३ मिलिसेकंदांत त्याचे काम होऊ लागले. पुढे रोहिणीची हालचाल मोजून चित्र सुधारणाऱ्या संगणक-प्रणालीही आल्या. तरीही तपासणीपूर्वी मेटोप्रोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकरने नाडी साठीच्या आसपास आणण्याची पद्धत टिकून आहे.

येथे आपला संबंध येतो. सोमलतेत इफेड्रिन असते. श्वासाच्या रुग्णास सोमकल्प चालू असल्यास नाडी वाढू शकते. तमकश्वासाच्या रुग्णास बीटा-ब्लॉकर अपायकारक ठरू शकते, म्हणून तो इतिहास चिठ्ठीत लिहिलाच पाहिजे. नाडी विषम लागली तर तेही कळवावे, कारण अनियमित ठोक्यांत यंत्राचा नेम चुकतो. चहा-कॉफी आदल्या दिवसापासून वर्ज्य करावी. सन १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या एकाच छत्राखाली दोन्ही शास्त्रे नांदत आहेत. आपली चिठ्ठी मात्र रेडिऑलॉजिस्टपर्यंत क्वचितच जाते.

सर्वांत गंभीर बाब औषधी दुकानदारांच्या हातातील आहे. रोहिण्या विस्फाराव्यात म्हणून तपासणीच्या वेळी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तासांत आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तासांत ते दिल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वाजीकरण उत्पादनांत ही द्रव्ये गुपचूप मिसळल्याचे देशोदेशीच्या तपासण्यांत आढळले आहे. आपण आयुर्वेदिक चूर्ण घेतो आहोत, या समजुतीने रुग्ण ते सांगतच नाही. नातेवाइकांसमोर तर नाहीच. म्हणून वैद्यांनी त्यास एकांतात विचारावे, आणि दुकानदारांनी निर्मात्याचा परवाना व बॅच क्रमांक नसलेले असे पाकीट दुकानात ठेवूच नये.