आमच्या दारांतल्या मोटारी

घरांत मोटार असणें ही गोष्ट आतां इतकी सामान्य झाली आहे कीं, तिच्याविषयीं कांहीं लिहावें हेंच कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पनवेलच्या कोणत्याही आळींत संध्याकाळीं फिरावयास निघावें, तर दोहों बाजूंस उभ्या असलेल्या मोटारींतून पादचाऱ्यास वाट शोधावी लागते. आमच्या हयातींत मात्र आमच्या दारांत उभ्या राहिलेल्या मोटारी अवघ्या चार, आणि त्यांपैकीं एकीनें आम्हां दोघां सख्ख्या भावांस बावीस वर्षें एकमेकांपासून दूर ठेविलें. ती हकीकत सांगावयाची तर पहिलीपासूनच आरंभ केला पाहिजे.

पहिली मोटार १९६४ सालीं आली. आमचे वडील, ज्यांना घरांत सर्व अप्पा म्हणत, येथें वकिली करीत. जिल्हा तेव्हां कुलाबा (त्यास रायगड हें नांव १९८१ सालीं मिळालें) आणि जिल्ह्याचें ठाणें अलिबाग. त्यामुळें कोर्टाच्या कामासाठीं त्यांना वरचेवर तिकडे जावें लागे. काका भाताचा व्यापार करीत. दोघांनीं मिळून मुंबईच्या एका गृहस्थांकडून जुनी फियाट विकत घेतली. गोल नाकाच्या आणि पुढचीं दारें उलट बाजूनें उघडणाऱ्या त्या फियाटला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. आमच्या आजीचें सोंवळें कडक. तिनें तो शब्द उंबऱ्याच्या आंत येऊं दिला नाहीं. तिनें मोटारीस 'वराहावतार' हें नांव दिलें, आणि एकदां देवाचें नांव मिळाल्यावर तींत बसावयास तिला कसलीच हरकत उरली नाहीं.

त्या काळीं मोटार घेणाऱ्यास निवड अशी फारशी नव्हतीच. उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची फियाट, एवढाच काय तो बाजार. त्यांतली फियाट आपली, असा इकडच्या मंडळींना अभिमान असे, आणि तो अगदींच निराधार नव्हता. सोलापुरास जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. आरंभीं तिनें अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या मोटारी जुळविल्या, मग इटलीच्या फियाटशीं करार झाला. आराखडा परदेशी असला तरी हात येथलेच होते.

या मोटारीचा खरा विशेष तिच्या यंत्रांत नसून पुढच्या बैठकींत होता. गिअरचा दांडा तळांतून वर न येतां स्टिअरिंगच्या खुंटाला बसविलेला असे. त्यामुळें पुढची बैठक एकसंध, ओटीवरच्या बांकासारखी. काका चालवीत, अप्पा डाव्या बाजूस, आणि मधली जागा घरांतील सर्वांत धाकट्याची, म्हणजे आमची. मागें आजी, आई, काकू आणि त्यांच्या मांड्यांवर उरलेलीं सर्व मुलें. कारखान्यानें किती माणसांची सोय योजिली होती तें देव जाणे. परंतु 'आतां जागा नाहीं' हें वाक्य त्या मोटारीसंबंधानें आमच्या घरांत उच्चारलेलें आम्हीं ऐकलें नाहीं. आजच्या कायद्यानें हा सगळा गुन्हाच ठरेल, आणि कायदा बरोबर आहे. एखादा अपघात झाला असता तर हें लिहावयास आम्ही उरलों नसतों.

गणपतीस आम्ही सर्व मूळ गांवीं, दापोली तालुक्यांत, जात असूं. पळस्पे फाट्यावर पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता वेगळा होतो. तेथून पुढें कर्नाळ्याचा सुळका दिसूं लागला कीं आजी हात जोडी. पेणेस थांबून मूर्ति घ्यावयाची व ती आमच्या मांडीवर ठेवावयाची, असा नेम होता. पेणपासून खेडपर्यंत ती सांभाळतांना मांड्या बधिर होत, पण हलण्याची छाती होत नसे. कशेडीच्या घाटांत वराहावताराचें पाणी उकळूं लागे. मग काका मोटार थांबवीत, दादा उडी मारून मागच्या चाकास धोंडा लावी, आणि यंत्र निवेपर्यंत सर्व मंडळी रस्त्याच्या कडेला दडपे पोहे खात बसे. दादा आमच्याहून पांच वर्षांनीं वडील. धोंडा लावण्याचा मान त्याचा आणि मूर्ति धरण्याचा आमचा. या कामांची अदलाबदल कधींच झाली नाहीं. पुण्यास जाण्याचे प्रसंग कमी येत. गेलोंच तर बोरघाटांत शिंगरोबाच्या देवळापाशीं काका न चुकतां नाणें टाकीत. घाटाची वाट दाखविणाऱ्या त्या धनगराची कथा सांगतांना त्यांचा आवाज नेहमींच थोडा उतरे.

१९७९ सालीं, नांव नोंदवून कांहीं वर्षें वाट पाहिल्यावर, वराहावतार विकून कोरी पद्मिनी आली. कुर्ल्याच्या कारखान्यानें हें नांव १९७४ पासून धारण केलें होतें. आम्ही तेव्हां नुकतेच शाळेंत शिक्षक म्हणून लागलों होतों आणि विद्या मिरविण्याची हौस दांडगी होती. पद्मिनी म्हणजे कमलिनी, कमळांचा ताटवा, असा अर्थ आम्हीं सर्वांना समजावून दिला. "मग चिखलांत चालेल," काका म्हणाले. पनवेलचे पावसाळ्यांतील रस्ते पाहतां त्यांचें भाष्य आमच्याहून अधिक ग्राह्य होतें.

यंत्र १०८९ घनसेंटिमीटरचें, चार नळकांड्यांचें. पावसाळी सकाळीं चोकची घुंडी ओढून तिची बराच वेळ मनधरणी करावी लागे. बैठक मात्र पूर्वींसारखीच एकसंध. याच मोटारींतून वहिनी घरांत आल्या, पुढें आमचें कुटुंब आलें, आणि दोन्हीं बाळंतिणी आपापलीं मुलें घेऊन परतल्या. १९९८ सालीं अप्पांच्या अस्थि नाशिकास नेल्या त्याही तिच्यांतूनच. दादा चालवीत होता, आम्ही डाव्या बाजूस बसलों होतों, आणि कलश मधल्या जागेवर होता. कसारा चढून होईपर्यंत दोघांपैकीं कोणीही एक शब्द बोललें नाहीं.

त्यापूर्वींच, १९९१ त, दादानें स्वतःची मारुती घेतली होती. गुडगांवच्या कारखान्यांतून ही मोटार १९८३ च्या डिसेंबरांत प्रथम बाहेर पडली आणि पाहतां पाहतां फियाटचें राज्य संपलें. संपावयासच हवें होतें. किल्ली फिरवितांच चालू होणारी मोटार सोडून घुंडीची मनधरणी कोण करील? पण तींत पुढें दोन सुट्या खुर्च्या आणि मध्यें गिअरचा दांडा. दादा, वहिनी व त्यांचीं दोन मुलें बसलीं कीं ती भरली. हा दोष मोटारीचा नव्हे. पहिल्या दिवशीं ओवाळून झाल्यावर आई हंसून म्हणाली, "छान आहे हो. आम्ही कुठें बसायचें?" ती थट्टेनें बोलली, आणि वहिनींना तें लागलें. त्या रात्रीं त्या जेवल्या नाहींत.

२००१ सालीं वाटणी झाली. आई व काका-काकू तोंवर गेलीं होतीं आणि दादाची नोकरी पुण्यास होती. भांडीं, दागिने, गांवची कलमें, सर्व कांहीं एका संध्याकाळींत सुरळीत वाटून झालें. अडलें तें पद्मिनीपाशीं. दादा म्हणाला, "अप्पांनीं मला हिच्यावर हात बसवून दिला, ही मी नेतों." आम्हीं म्हटलें, "तुझी मारुती आहे. हिची निगा आम्हीं राखली." बाजारांत तिची किंमत तेव्हां नगण्य होती, पण हा विचार दोघांपैकीं एकाच्याही मनांत आला नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं मनुस्मृतीचा नववा अध्याय उघडला. वस्त्र, वाहन, अलंकार, शिजविलेलें अन्न इत्यादि वस्तु अविभाज्य होत, असें तेथें सांगितलें आहे. जें वाहन ज्याच्या वापरांत असेल तें त्याचेंच, असा त्याचा अर्थ लावितात. सकाळीं हा दाखला आम्हीं दादापुढें ठेविला. जें वाहन सर्वांच्याच वापरांत होतें त्याचें काय करावें, हें त्यांत सांपडत नाहीं, एवढी गोष्ट मात्र सांगितली नाहीं. दादानें आमच्याकडे पाहिलें. "तूं मला श्लोक ऐकवतोस?" एवढेंच म्हणून तो उठला. चूक आमची होती. वडील भावाच्या तोंडावर शास्त्र फेकावयाचें नसतें, आणि अर्धें तर मुळींच नाहीं.

मोटारीची नोंदणी अप्पांच्या नांवानें होती. वारसांच्या संमतीवांचून ती बदलत नाहीं. त्यानें सही मागितली नाहीं आणि आम्हींही मागितली नाहीं. नोंदणीची मुदत उलटून गेली, आणि पद्मिनी मागील दारीं पत्र्याच्या छपराखालीं जाऊन बसली. पुढच्याच वर्षीं कळंबोलीहून देहूरोडपर्यंतचा ९४.५ किलोमीटरांचा द्रुतगति मार्ग पुरा होऊन पुणें दोन तासांच्या आंत आलें. आम्ही लग्नामुंजींत भेटत असूं. "कसा आहेस?" "बरा." यापलीकडे गोष्ट जात नसे.

मुंबईंत टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा आहे. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. तिची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली आणि वर्तमानपत्रांत तिचीं छायाचित्रें आलीं. त्याच दिवशीं दुपारीं पुण्याहून दूरध्वनि आला. "आपली अजून आहे ना?" दादानें विचारलें. आम्हीं "आहे" म्हटलें. त्यापुढें त्याला कांहीं बोलतां येईना आणि आम्हांसही येईना. दहा दिवसांनीं तो वहिनींस घेऊन आला.

दारांत आमच्या मुलाची विजेवर चालणारी नवी मोटार उभी होती. तिच्याकडे दादानें पाहिलेंही नाहीं. तो सरळ मागील दारीं गेला. पद्मिनीचा तळ गंजून जमीन दिसत होती, तारा उंदरांनीं खाल्ल्या होत्या. पुन्हां नोंदणी करण्याचें शुल्क एप्रिल २०२२ त सहाशें रुपयांवरून पांच हजारांवर गेलें होतें. तें देतां आलें असतें. पण कारागिरानें नुसती मान हलविली. जुन्या मोटारी रीतसर मोडीत काढण्याचें धोरण केंद्र सरकारनें २०२१ सालीं आणलें आहे, त्याप्रमाणें करावें असें ठरलें. कागद ओटीवर मांडले. दादानें सही केली, लेखणी आमच्या हातांत दिली आणि म्हणाला, "पुढची बैठक मात्र काढून ठेव."

ती बैठक आतां ओटीवर आहे. आंतल्या कमानी बदलून तिच्यावर नवें रेक्झिन घातलें आहे. दादा महिन्या-दोन महिन्यांनीं येतो आणि उजव्या टोकाला बसतो. आम्ही डाव्या टोकाला बसूं लागलों कीं "ती अप्पांची जागा" असें म्हणून आम्हांस मध्यें सरकवितो.