एक ना धड? एरिक डॉल्फी आणि त्याची तीन वाद्ये

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर इथल्याच, अलिबागच्या एका श्रोत्यांनी आम्हाला हटकलं. ‘सर, एका वाद्यावर हात बसायला जन्म पुरत नाही, आणि तुमचा हा गडी तीन-तीन वाजवतो. एक ना धड, भाराभर चिंध्या!’ आक्षेप रास्त आहे. साधना म्हटली की एक गुरू, एक वाद्य, हेच आपल्या हाडीमासी खिळलेलं.

म्हणून आज एकच तबकडी घेऊ. ‘आउटवर्ड बाउंड’, एरिक डॉल्फीची स्वतःच्या नावावरची पहिली. ध्वनिमुद्रण १ एप्रिल १९६० चं. सोबत फ्रेडी हबर्डचा ट्रम्पेट, जाकी बायर्डचा पियानो, जॉर्ज टकरचा बास आणि ड्रमवर रॉय हेन्स. चौकट हार्ड बॉपची, म्हणजे ब्लूजच्या मातीतली: आधी धून, मग तिच्या स्वरसंघांच्या आवर्तनावर एकेकाची उपज, शेवटी पुन्हा धून. आवर्तन मोजायची सवय असलेल्या आपल्याला हे परकं वाटू नये.

आता वाद्यं. सनईची पत्ती दुहेरी, तर वरातीच्या बँडमधल्या क्लॅरिनेटची एकेरी. सॅक्सोफोनचीही एकेरीच. डॉल्फी अल्टो सॅक्सोफोन वाजवतो, आणि बेस क्लॅरिनेट, जी नेहमीच्या क्लॅरिनेटहून एक सप्तक खाली बोलते. तिसरी बासरी. तिला पत्तीच नाही, फुंकीची तऱ्हाच वेगळी.

प्रश्न असा, की वादकाचं ‘मीपण’ असतं कुठे? बोटांत असेल तर वाद्य बदलताच माणूस बदलायला हवा. पण ऐका. आपण दोन स्वर मींडेने जोडतो. डॉल्फी खर्जातून एकदम तारात उडी मारतो, मधल्या पायऱ्या गाळून. ‘२४५’ या ब्लूजमध्ये अल्टोवर ती उडी किंकाळीसारखी लागते. ‘ऑन ग्रीन डॉल्फिन स्ट्रीट’ हे मुळात १९४७ च्या सिनेमातलं संगीत. त्यात बेस क्लॅरिनेटवर तीच उडी कुणी तावातावानं बोलत असल्यासारखी वाटते. ‘ग्लॅड टू बी अनहॅपी’त बासरीवर मात्र तो पुष्कळ वेळ धून नुसती गातो. उडीची सवय असलेला माणूस तिथे स्वतःला आवरतो, आणि ते आवरणंही त्याचंच. (‘मिस टोनी’ आम्हाला सामान्य वाटते. असो.)

आणखी एक. अनेक वाद्यं ही चैन नव्हे. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांना सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट दोन्ही यावंच लागे. पोटाचा प्रश्न होता. त्याच गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांनी १९७० मध्ये ‘राग रॉक’ काढली. नावातच राग आहे. त्यांना चिंध्या म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

डॉल्फी १९६४ मध्ये बर्लिनला गेला, मधुमेहानं, छत्तिसाव्या वर्षी. साधनेला वेळ तरी किती मिळाला!

तर आधी ‘२४५’ लावतो. ते त्याच्या ब्रुकलिनमधल्या घराचा नंबर होता. मग बासरी. आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांनी डोळे मिटून ऐकावं, आणि वादक बदलला असं वाटलं तर हात वर करावा.