घारीची नजर नव्हे, ठरलेली नजर

विरार-नालासोपाऱ्याच्या पूल पार्लरमध्ये एखादा पोरगा सटासट चेंडू खिशात घालू लागला की मित्र म्हणतात, ‘याची नजर घारीची!’ वैद्यकीयदृष्ट्या हे खरे नाही. डेनिस टेलर १९८५ मध्ये स्नूकरचा जगज्जेता झाला, तो भलामोठा चष्मा लावून.

ऑस्ट्रेलियातील ब्रूस अ‍ॅबरनेथी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्नूकरचे निष्णात आणि नवशिके खेळाडू तपासले. दृष्टीच्या सर्वसाधारण चाचण्यांत दोघे सारखेच निघाले. मात्र डावातील मांडणीचे चित्र क्षणभर दाखवून काढून घेतले, की निष्णातांना चेंडूंच्या जागा अधिक नेमक्या आठवत. चेंडू वाटेल तसे विखरून ठेवले, की ही आघाडी गायब! म्हणजे स्मरणशक्तीही दैवी नव्हती. त्यांना सुटे चेंडू दिसत नव्हते, पुढचे डाव दिसत होते.

व्यावसायिक पातळीवर सोपा शॉट कोणाचाच सहसा चुकत नाही. तिथे फरक पडतो तो पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी कुठे थांबवायचा, यात. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७८ मध्ये राष्ट्रीय बिलियर्ड्स स्पर्धेत ११४९ गुणांचा ब्रेक केला. एकदाही न चुकता इतका वेळ टेबलावर राहायचे, तर प्रत्येक फटका पुढच्याची सोय करूनच मारावा लागतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांच्या स्थैर्याची. फटक्याआधी नजर लक्ष्यावर जिथे शेवटची खिळते, त्या टप्प्याला कॅनडाच्या जोन व्हिकर्स यांनी ‘शांत नजर’ म्हटले. बिलियर्ड्समध्ये कुशल खेळाडूंचा हा टप्पा लांब असतो, आणि यशस्वी फटक्यांत अधिकच. नवशिक्याची नजर ऐनवेळी क्यू, चेंडू, खिसा अशी भिरभिरते. ही सवय सरावाने लागते.

गोळीने नाही. हे सांगायचे कारण, हाताची थरथर थांबावी म्हणून ‘प्रोप्रॅनोलॉल’सारखी बीटा-ब्लॉकर औषधे घेण्याचा मोह या खेळात जुनाच आहे. स्पर्धेदरम्यान त्यांवर बंदी आहे. हृदयाचे ठोके मंदावणारे हे औषध मित्राच्या सांगण्यावरून घेण्याचे नव्हे. दमा असलेल्या मुलाची श्वासनलिका त्याने अशी आकसू शकते, की पार्लरमधून थेट रुग्णालय गाठावे लागेल; आणि आपल्याला बालपणी दमा होता, हे अनेकांना आठवतही नसते.