समर स्विम टीमचं पहिलं वर्ष

अमेरिकेतल्या मराठी आईबाबांनो, यंदा मूल पहिल्यांदाच समर लीगमध्ये उतरणार असेल तर हे वाचा. 8 वर्षांपर्यंतच्या गटाला सहसा तलावाची एकच लांबी पोहायची असते, 25 यार्ड किंवा मीटर. शर्यत, हीट आणि लेनचे आकडे मार्करने दंडावर लिहितात. हे सनस्क्रीनच्या आधी उरका, तेलकट कातडीवर शाई धरत नाही! ब्रेस्टस्ट्रोक किंवा बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम भिंतीला लागले नाहीत की बाद. पहिल्या वर्षी बरीच पोरं बाद होतात, फार मनावर घेऊ नका. बॅकस्ट्रोकला मात्र वरच्या पताका दिसल्यावर हात मोजायला शिकवा, म्हणजे डोकं आपटत नाही. आणि हो, स्टॉपवॉच धरायला पालकच लागतात. नाव नोंदवा.