तुझा ‘सा’ कुठंय?

कॉलेजच्या बँडची ऑडिशन. बेसवाला डीवर एक ग्रूव्ह धरून बसला आणि म्हणाला, “डोरियनमध्ये सोलो मार.” डोरियन म्हणजे सी मेजरचेच सूर, फक्त डीपासून सुरू करायचे, हे मला पाठ होतं. यूट्यूबवरून घोकलेले सातही मोड्सचे पॅटर्न बोटांत बसलेले. झालो सुरू. थोड्या वेळाने ड्रमर म्हणाला, “भाई, तू सी मेजरच वाजवतोयस.” खरंच होतं ते. प्रत्येक ओळ मी सीवरच नेऊन टेकवत होतो.

सिलेक्शन झालं नाही, हे वेगळं सांगायला नको. त्या संध्याकाळी मुलुंडला घरी चिडून तेच पॅटर्न वर-खाली घासत होतो, तर शेजारच्या काकू दारात. काकूंनी गाण्याच्या ‘मध्यमा’पर्यंत परीक्षा दिल्यात. मला वाटलं, आवाज कमी कर म्हणतील. त्या म्हणाल्या, “अरे, पण तुझा ‘सा’ कुठंय?”

मग त्यांनी फोनवर तानपुरा लावला, डीमध्ये. “आता वाजव. सावकाश. आणि दरवेळी इथेच परत ये.” सूर तेच होते, पण आता एफ कोमल गंधार झाला, सी कोमल निषाद. काकू म्हणाल्या, “हा तर काफी!”

पंडित विष्णु नारायण भातखंडे वाळकेश्वरचे, जन्म १८६०चा, पेशाने वकील. त्यांनी राग दहा थाटांमध्ये लावले. त्यातले सहा थाट सुरांच्या हिशेबाने आपले मोड्सच आहेत. आयोनियन म्हणजे बिलावल, डोरियन काफी, फ्रिजियन भैरवी, लिडियन कल्याण, मिक्सोलिडियन खमाज आणि एओलियन, म्हणजे साधा मायनर, तो आसावरी. (थाट म्हणजे राग नव्हे, हे काकूंनी मला तीनदा बजावलंय.)

तुम्हालाही करून बघता येईल. जाडी ई तार अंगठ्याने मोकळी वाजवत ठेवा. तो तुमचा ‘सा’. बारीक ई तारेवर ०, २, ४, ५, ७, ९, ११, १२ हे फ्रेट वाजवा. हा बिलावल. आता फक्त पाचव्याऐवजी सहावा फ्रेट दाबा. तीव्र मध्यम आला, लिडियन झाला. बिलावलमध्येच अकराव्याऐवजी दहावा घेतलात तर मिक्सोलिडियन. एकच सूर हलतो आणि खोलीतली हवा बदलते.

मला सगळ्यात छळलं ते डोरियन आणि मायनरने. फरक फक्त धैवताचा. आठवा फ्रेट की नववा, बस्स. काकूंचा नियम असा की आधी गायचं, मग वाजवायचं. माझा आवाज भयानक आहे. तरी तीन आठवडे फक्त तो धैवत गायलो. मग एक दिवस माइल्स डेव्हिसचं १९५९ मधलं ‘सो व्हॉट’ लावलं. ते तर डोरियनचं पुस्तकी उदाहरण, आधी पन्नासदा ऐकलेलं. यावेळी तो शुद्ध धैवत येतोय हे बोटं न लावता कळलं.

आता सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला की त्याच्या घुंईलाच ‘सा’ धरून गुणगुणतो. घरचे वैतागलेत.

सातवा मोड राहिला, लोक्रियन. तो काकूंना वाजवून दाखवला. त्यात शुद्ध पंचमच नाही, आणि तानपुरा तर सतत तोच छेडत होता. काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या. “पंचम नाही? मग बसायचं कुठे रे?”

पुढची ऑडिशन ऑगस्टमध्ये आहे.