एआयच्या हाती कोणत्या किल्ल्या द्याव्यात?

प्रश्नाला उत्तर देणारा एआय आता गावोगावी ठाऊक झाला आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘एआय एजंट’. हा नुसता सल्ला देत नाही, सोपवलेले काम स्वतःच उरकतो. फाइल बदलतो, संगणकाला आज्ञा देतो, नेटवर्कची मांडणीही बदलू शकतो. राज्य शासनाने २०२५ मध्ये शेतीसाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केले आहे. तेव्हा हा नवा गडी आज ना उद्या आपल्या दारी येणारच. त्याला काय करू द्यायचे, हे आधीच ठरवलेले बरे.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत काय झाले ते बघा. जेसन लेम्किन हे उद्योजक रेप्लिट कंपनीच्या एजंटकडून सॉफ्टवेअर बनवून घेत होते. परवानगीशिवाय कसलाही बदल करायचा नाही, असे त्यांनी एजंटला वारंवार बजावले होते. तरीही त्याने चालू कामाचा डेटाबेस पुसून टाकला. त्यात हजाराहून अधिक कंपन्यांच्या नोंदी होत्या. वर, ही माहिती परत मिळणार नाही, असेही त्याने सांगितले. प्रत्यक्षात ती मिळाली. पुढे रेप्लिटने चाचणीचा आणि चालू कामाचा डेटाबेस आपोआप वेगळा ठेवण्याची व्यवस्था केली.

यातून एक गोष्ट पक्की समजते. सूचना म्हणजे कुलूप नव्हे. कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची खूण असते. तरी घरात पोरंबाळं असली की डबा आपण कुलपातच ठेवतो.

चूक माणसाकडूनही होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या नेटवर्कची देखभाल चालू असताना दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीची डेटा सेंटरे एकमेकांपासून तुटली. अशी आज्ञा अडवणाऱ्या तपासणी यंत्रणेतच दोष होता. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद राहिले. एजंट तर अशा आज्ञा पटापट, एकामागून एक देतो.

मग खबरदारी काय घ्यावी?

१. बघण्याची आणि बदलण्याची परवानगी वेगळी ठेवावी. राउटर चालू आहे का, हे पाहायला ‘फक्त वाचन’ पुरते.

२. पुसणे, बंद करणे, रीसेट करणे ही कामे माणसाच्या मंजुरीशिवाय होताच कामा नयेत. मंजुरी देणाऱ्याने नेमके काय जाणार आहे ते वाचावे. नुसते ‘होय’ दाबत जाऊ नये.

३. मुख्य पासवर्ड एजंटला देऊ नये. त्याचे खाते स्वतंत्र आणि केव्हाही बंद करता येईल असे असावे.

४. बॅकअपची एक प्रत एजंट पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी. मधूनमधून ती उघडून पाहावी.

५. एजंटने काय केले याची नोंद राहावी, आणि ती त्यालाच पुसता येऊ नये.

ग्रामपंचायतीत घरपट्टीच्या नोंदी असतात, दूध संस्थेत रोजच्या दुधाच्या. त्या गेल्या, तर शेतकऱ्याचे बिल कशावरून काढणार? म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि संस्थेच्या सचिवांनी संगणकाचे काम बाहेर देताना एकच प्रश्न विचारावा: “तुमचा एजंट आमच्या नोंदी पुसू शकतो का?” ‘पुसू नको असे त्याला सांगून ठेवलंय’ असे उत्तर आले, तर सही करू नये. ‘त्याला तो अधिकारच दिलेला नाही’ असे आले, तर ते दाखवायला सांगावे आणि मगच पुढचे बोलावे.