न दिसणारी दोरी

लिफ्टचं दार बंद होत आलंय आणि कुणीतरी घाईघाईने आत शिरतंय, हे तुम्ही पाहिलं असेल. बऱ्याच लिफ्टचं दार अशा वेळी त्या माणसाला न शिवताच निमूटपणे पुन्हा उघडतं. दाराला कसं बरं कळलं? डोळे तर त्याला नाहीत! पण दाराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न दिसणाऱ्या दोऱ्या ताणलेल्या असतात. त्या असतात प्रकाशाच्या.

प्रकाश आणि न दिसणारा? हो. १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल (युरेनस ग्रह शोधणारे तेच) यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यात जास्त चढला! तेच हे अवरक्त किरण. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला असतो ना छोटा दिवा, तो हेच किरण सोडतो. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून त्या दिव्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच मोबाइलमध्ये पडद्यावर जांभळट पांढरी लुकलुक दिसते. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसली, तर पुढचा वापरून पाहा.

आता आपणच अशी एक दोरी ताणू या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक अवरक्त एलईडी, एक फोटोट्रान्झिस्टर, बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर, २२० ओहम आणि २२ किलोओहमचा एकेक रेझिस्टर आणि कमी व्होल्टवर वाजणारा छोटा बझर आणा. विजेसाठी पेन्सिल सेल तीन, म्हणजे साडेचार व्होल्ट. घरातल्या प्लगला हात लावायचा नाही, तिथे आपलं काही काम नाही.

एलईडीचा लांब पाय २२० ओहममधून सेलच्या अधिक टोकाला, आखूड पाय उणे टोकाला. झाली दोरी सोडणारी बाजू. तिच्यासमोर चार बोटांवर फोटोट्रान्झिस्टर तोंडाला तोंड करून बसवा. अधिक टोकापासून २२ किलोओहममधून बीसी५४७ च्या बेसला तार न्या आणि त्याच बेसपासून उणे टोकापर्यंत फोटोट्रान्झिस्टर जोडा. बीसी५४७ चा एमिटर उणेला. त्याचा कलेक्टर आणि सेलचं अधिक टोक यांच्यामध्ये बझर, त्याची अधिकची तार अधिककडे. बीसी५४७ चे पाय कुठले ते दुकानदाराकडून कागदावर काढूनच घ्या. फोटोट्रान्झिस्टर या जोडणीत उलटा बसला तर जळत नाही, नुसता काम करत नाही. मग सुलटा करायचा.

किरण पोहोचताहेत तोवर फोटोट्रान्झिस्टर बेसकडे जाणारी वीज स्वतःच उणे टोकाकडे पळवतो. बीसी५४७ उपाशी, बझर गप्प. मध्ये बोट घाला. किरण अडले, पळवापळवी थांबली, वीज बेसला मिळाली आणि बझर कोकलला!

आमच्या वर्गातल्या एकाने विचारलं, “बाई, सारखा दिवा पेटता कशाला ठेवायचा? कुणी आलं की मगच पेटला तर सेल नाही का वाचणार?” प्रश्न मला फार आवडला. मी त्याला एलईडीची तार उपटायला सांगितली. बोट न घालताच बझर वाजला. एलईडी जळो, त्याची तार तुटो, धूळ साचो, यंत्र समजतं की कुणीतरी मध्ये आहे. लिफ्टच्या बाबतीत अशी चूक परवडते, दार नुसतं उघडं राहील. उलट चूक परवडत नाही. अमेरिकेत घरांच्या गॅरेजना मोटरवर चालणारी जड दारं असतात. त्यांच्याखाली सापडून लहान मुलं दगावली. म्हणून १९९० साली तिथे कायदा झाला आणि १९९३ पासून बनणाऱ्या अशा यंत्रांना बचावाची जादा सोय सक्तीची झाली. बहुतेकांनी हीच किरणांची दोरी बसवली. तीही जमिनीपासून सहा इंचांच्या आत, कारण रांगणारं मूल कमरेइतक्या उंच दोरीला लागणारच नाही.

पण आपलं खेळणं कुठल्या दारावर लावायचं मुळीच मनात आणू नका. का ते पाहायचंय? ते उचलून उन्हात न्या आणि मध्ये बोट घाला. बझर गप्पच! उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात, त्यामुळे फोटोट्रान्झिस्टरला वाटतं दोरी शाबूत आहे. आणि ही चूक नेमकी धोक्याच्या बाजूची. खेळापुरता उपाय म्हणजे फोटोट्रान्झिस्टरवर काळ्या कागदाची बोटभर नळी चढवायची. रिमोटवाल्यांची युक्ती याहून नामी आहे. रिमोटचा दिवा सेकंदाला साधारण ३८,००० वेळा उघडझाप करतो आणि टीव्ही तेवढ्याच तालाकडे लक्ष देतो. ऊन काही तालावर लुकलुकत नाही! चांगल्या तयार सेन्सरमध्येही अशीच तालाची युक्ती असते.

दोरी एकऐवजी दोन ताणल्या की आणखी मजा येते. खेळातल्या गाडीच्या वाटेवर अर्ध्या मीटरच्या अंतराने दोन दोऱ्या लावा. पहिली तुटल्यापासून पाव सेकंदाने दुसरी तुटली तर गाडीचा वेग सेकंदाला २ मीटर. एवढा बारीक वेळ बोटाने स्टॉपवॉच दाबून मोजता येत नाही. त्याला आर्डुइनोसारखा छोटा संगणक लागतो, तेव्हा हे काम दादा-ताईंना किंवा बाबांना हाताशी घेऊन करा. दोन दोऱ्या जवळजवळ असल्या तर आधी कुठली तुटली यावरून दिशाही कळते. जुना, पोटात गोळी असलेला कॉम्प्युटरचा माउस भंगारात सापडला तर मोठ्यांच्या मदतीने उघडून पाहा. आत खाचा असलेल्या दोन चकत्या दिसतील आणि प्रत्येकीच्या दोन बाजूंना एलईडी आणि किरण टिपणारा भाग. चकती फिरली की दोरी तुटते-जुळते आणि बाण किती आणि कुठल्या बाजूला सरकवायचा ते कॉम्प्युटरला कळतं.

वर्गाच्या दारात अशा दोन दोऱ्या लावून हजेरी घ्यायची कल्पनाही मुलांनी काढली. दोघं गळ्यात गळे घालून आत आले, यंत्राने मोजला एक! तेव्हा आमचा हजेरीपट अजून कपाटातच आहे.